‘उद्या या’ म्हणण्याआधी : छोट्या व्यवसायातली ग्राहकसेवा

(निमगाव सावा, ता. जुन्नर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज समोर बसलेल्यांत किराणा दुकानवाले आहेत, कृषी सेवा केंद्र चालवणारे आहेत, गॅरेजवाले आहेत, शिलाईकाम करणाऱ्या ताई आहेत. काही कॉलेजची मुलंही दिसतायत. आणि व्यवसाय करा अगर करू नका, ग्राहक तर आपण सगळेच आहोत. त्यामुळे आजचा विषय प्रत्येकाच्या माहितीचा आहे. फक्त रोज काउंटरच्या एकाच बाजूला उभं राहिलं, की दुसऱ्या बाजूचं विसरायला होतं.

व्याख्यानाआधी चहा घेताना एक तक्रार आमच्या कानावर आली. गावातलं गिऱ्हाईक आता गावात थांबत नाही. मोटारसायकल काढतं आणि नारायणगावला नाहीतर आळेफाट्याला जातं. तेही नको असेल तर मोबाईलवर मागवतं. का जातं, असं विचारलं तर उत्तर येतं, “तिकडे स्वस्त मिळतं ना!”

काही वस्तूंच्या बाबतीत हे खरं आहे. पण पेट्रोल घालून, अर्धा दिवस मोडून माणूस दहा-वीस रुपयांसाठी जातो, हे आम्हाला पूर्ण पटत नाही. आमच्या मते पुष्कळदा माणूस भावासाठी जात नाही, खात्रीसाठी जातो. आज आपण या खात्रीबद्दल बोलणार आहोत. ती कशाने येते, कशाने जाते आणि छोट्या दुकानाला ती फारसा पैसा न घालता कशी कमावता येते, एवढंच.

एक जळालेली मोटार

एक उदाहरण घेऊ. ते कुणा एकाचं नाही, पण तुमच्या ओळखीचं निघेल.

वैशाखाचं ऊन आहे. शेतात नुकतीच लावलेली टोमॅटोची रोपं आहेत. कुकडीचं आवर्तन सुटलंय, विहिरीला पाणी आहे, आणि नेमकी मोटार जळते. शेतकरी मोटार काढतो, गाडीवर टाकतो आणि भरायला घेऊन जातो. दुकानदार ओळखीचा. “या, बसा” म्हणतो, चहा सांगतो. मोटार बघून म्हणतो, “वायंडिंग गेलंय. उद्या घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी शेतकरी जातो. मोटार उघडलेली, तार भरलेली नाही. “अहो, पोरगं आलं नाही आज. उद्या नक्की.” तिसऱ्या दिवशी तार भरलीय, पण वार्निश सुकायचंय. चौथ्या दिवशी बेअरिंग मिळालं नाही. पाचव्या दिवशी मोटार मिळते. काम चांगलं झालेलं असतं, पैसेही वाजवी घेतलेले असतात. या पाच दिवसांत दुकानदार एकदाही वाईट बोललेला नाही. रोज चहा पाजलाय.

आता हिशोब करा. शेतकऱ्याचे तीन हेलपाटे वाया गेले. पाच दिवस पाणी नाही म्हणून रोपांची मर झाली, ती वेगळी. आणि सगळ्यात वाईट भाग असा, की पहिल्याच दिवशी “पाच दिवस लागतील” असं कळलं असतं, तर त्याने काहीतरी सोय केली असती. शेजाऱ्याची मोटार मागितली असती, टँकर आणला असता, किंवा दुसरीकडे मोटार टाकली असती. ‘उद्या’ या शब्दावर तो थांबला आणि त्याचं नुकसान झालं.

पुढच्या वेळी हा माणूस त्या दुकानात जाणार नाही. भांडणारही नाही. रस्त्यात भेटला तर रामराम घालेल. दुकानदार मात्र म्हणत राहील, “माणूस चांगला होता, का येत नाही कोण जाणे. तिकडे स्वस्त पडत असेल.”

इथे काय चुकलं? कारागिरी चुकली नाही, भाव चुकला नाही आणि वागणं तर गोडच होतं. चुकला तो शब्द. म्हणून आजच्या व्याख्यानाचं सार आधीच सांगून टाकतो. ग्राहकसेवा म्हणजे दिलेला शब्द पाळणं, आणि शब्द पाळायला चांगला स्वभाव पुरत नाही, व्यवस्था लागते.

ग्राहक मार्क कशाला देतो?

हे आमच्या मनचं नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात परशुरामन, झाइटहॅमल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी सेवेच्या गुणवत्तेवर मोठं काम केलं. ग्राहक चांगली सेवा कशाला म्हणतो, हे शोधताना त्यांनी पाच गोष्टी वेगळ्या काढल्या. आपल्या भाषेत त्या अशा सांगता येतील.

पहिली, भरवसा. जे सांगितलं ते, सांगितलेल्या वेळेत, बरोबर करणं. दुसरी, तत्परता. ग्राहक आल्यावर लगेच दखल घेणं, अडलेल्याला वाटेला लावणं. तिसरी, जाणकारी. समोरच्याला आपलं काम कळतं आणि तो फसवणार नाही, असं वाटणं. चौथी, आपुलकी. माझी अडचण यांनी समजून घेतली, असं वाटणं. आणि पाचवी, दिसणं. दुकानाची मांडणी, फर्निचर, पाटी, कपडे.

मग त्यांनी ग्राहकांना सांगितलं, तुमच्याकडे १०० मार्क आहेत, या पाच गोष्टींत वाटा. १९९० साली त्यांनी जे आकडे मांडले ते असे : भरवशाला ३२, तत्परतेला २२, जाणकारीला १९, आपुलकीला १६ आणि दिसण्याला ११.

म्हणजे ज्या गोष्टीवर आपण सगळ्यात आधी खर्च करतो, काच, लाईटिंग, नवा बोर्ड, तिला सगळ्यात कमी मार्क. आणि ज्याला पैसा जवळजवळ लागत नाही, त्या भरवशाला सगळ्यात जास्त. ते आकडे अमेरिकेतले आहेत, आपल्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण जळालेल्या मोटारीचा मालक मार्क कशाला देईल, ते सांगायला अभ्यासकाची गरज नाही.

आपल्याच मातीतली माणसं

आता याचा नमुना बघायला अमेरिकेत जायची गरज नाही. तो नमुना आपल्या तालुक्यातूनच मुंबईला गेलाय. मुंबईचे डबेवाले. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी या पट्ट्यातली ही माणसं. इथे बसलेल्यांपैकी कुणाचा चुलता, कुणाचा मामा या धंद्यात असेल.

१८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं, असं सांगितलं जातं. करोनाच्या आधी सुमारे ५००० माणसं मुंबईत रोज लाखाच्या वर डबे पोहोचवत होती. सकाळी घरातून डबा उचलायचा, दुपारी जेवणाच्या आत ऑफिसात द्यायचा आणि रिकामा डबा त्याच दिवशी परत घरी. २००३ साली इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटायला आले. २०१० साली हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर केस स्टडी लिहिली.

एक खुलासा करू. ‘एक कोटी साठ लाख डब्यांत एक चूक’ असा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो डबेवाल्यांच्या संघटनेच्या सांगण्यावरून प्रसिद्ध झाला. आम्ही त्यावर जोर देणार नाही. आकडा कितीही असो, मुंबईच्या पावसात आणि गर्दीत डबा वेळेवर येतो, हा ग्राहकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. आपल्याला शिकायचंय ते हे, की तो येतो कसा. यातल्या बऱ्याच जणांचं शिक्षण बेताचं. मग कशाच्या जोरावर? त्यांच्या कामातल्या पाच गोष्टी बघू.

पहिली गोष्ट, शब्द छोटा आणि स्पष्ट. डबेवाला सगळं काही पोहोचवतो असं म्हणत नाही. तुमचा डबा जेवणाच्या वेळेत तुमच्या टेबलाशी आणि संध्याकाळच्या आत घरी, बस. जेवढं जमतं तेवढंच कबूल करायचं.

दुसरी गोष्ट, डब्यावरची खूण. झाकणावर ना गिऱ्हाइकाचं नाव, ना पूर्ण पत्ता. मधोमध एक मोठा आकडा, तो कोणत्या भागात जायचं ते सांगतो. कडेला पोहोचवणाऱ्या माणसाचा आकडा, इमारतीची अक्षरं आणि मजला. आणि डबा निघाला त्या स्टेशनची रंगाची किंवा आकाराची खूण. वाटेत डबा चार-पाच हातांतून जातो. प्रत्येकाला त्या खुणेतलं स्वतःपुरतंच वाचायचं असतं. मोठ्या स्टेशनवर गाडीत डबे चढवायला ४० सेकंद मिळतात, मधल्या स्टेशनवर २०. तेवढ्यात कोण पत्ता वाचत बसणार? म्हणून माहिती कुणाच्या डोक्यात न ठेवता वस्तूवरच ठेवली.

तिसरी गोष्ट, जबाबदार माणूस. साधारण वीस-पंचवीस जणांचा गट आणि त्यावर मुकादम. डबा चुकला तर कुणाला विचारायचं, हे ठरलेलं. “मला माहीत नाही, त्यांना विचारा” हे वाक्य तिथे चालत नाही. शिवाय हे नोकर नाहीत, गटातले भागीदार आहेत. गिऱ्हाईक तुटलं तर प्रत्येकाच्या खिशाला चाट बसते.

चौथी गोष्ट, जादा माणूस. प्रत्येक गटात दोन-तीन जण जास्तीचे असतात. कुणी आजारी पडला, कुणाच्या घरी मयत झाली, गाडी उशिरा आली, तर ते हात लावतात. “पोरगं आलं नाही आज” हे कारण गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाही, कारण पोरगं कधीतरी येणार नाही, हे आधीच धरून ठेवलेलं असतं.

पाचवी गोष्ट ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. डबेवाले गिऱ्हाईक सोडतात. एखाद्या घरी डबा रोजच उशिरा तयार होत असेल तर आधी सांगतात, पुन्हा सांगतात, आणि तरी फरक पडला नाही तर ते घर बंद करतात. कारण एका घरापाशी दहा मिनिटं थांबलं तर लोकल चुकते आणि बाकी तीस-चाळीस घरांचा शब्द मोडतो. म्हणजे ‘ग्राहक देव आहे’ याचा अर्थ एका ग्राहकासाठी बाकीच्यांना ताटकळत ठेवणं असा होत नाही. ग्राहकालाही त्याच्या वाट्याचं काम नीट सांगावं लागतं.

आणि वर्षातून एकदा, गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत, हे लोक सुट्टी घेऊन गावी येतात. गिऱ्हाइकांना ते आधीच सांगितलेलं असतं. कुणी रागावत नाही. आधी सांगितलेली गैरसोय माणूस सहज सोसतो, न सांगितलेली त्याला लागते. पुण्यात चितळे बंधूंचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, त्यावर किती विनोद झाले! २०१७ साली त्यांनी ती दुपारची सुट्टी बंद केली. पण तोवरही गिऱ्हाईक तुटलं नव्हतं. दुकान बंद कधी असतं आणि चारला उघडतं, हे सगळ्या गावाला पक्कं ठाऊक होतं.

परत मोटारीकडे

आता ही व्यवस्था मोटार भरणाऱ्या दुकानात आणू. दुकानात मालक आणि एक पोरगा, एवढीच माणसं. काय करता येईल?

सगळ्यात आधी, शब्द कसा द्यायचा ते शिकू. एक वही घ्या. प्रत्येक मोटार कधी आली आणि कधी गेली, एवढंच लिहा. वीस मोटारी झाल्या की बघा. समजा वीसपैकी ११ मोटारी एका दिवसात झाल्या, ६ दोन दिवसांत, २ तीन दिवसांत आणि एकीला पाच दिवस लागले. दुकानदार ‘उद्या’ म्हणतो, कारण जास्तीत जास्त मोटारी एका दिवसात होतात. खोटं बोलायचा त्याचा हेतू नसतो. पण हिशोब बघा. वीसपैकी ९ गिऱ्हाइकांना ‘उद्या’ हा शब्द खोटा ठरतो. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना!

तोच दुकानदार “परवा घेऊन जा” म्हणाला, तर वीसपैकी १७ जणांचा शब्द पाळला जातो. त्यातल्या ११ जणांना तर एक दिवस आधीच फोन जातो, “तुमची मोटार झाली, आजच न्या.” काम तेवढंच, वेग तोच, पण आधी जो दुकानदार निम्म्या लोकांना फिरवत होता, तोच आता ११ जणांना वेळेआधी काम देणारा ठरला. फरक फक्त एका शब्दाचा.

राहिले तीन. त्यांच्यासाठी दुसरा नियम. अडचण कळल्या क्षणी आपण फोन करायचा. “बेअरिंग मिळालं नाही, उद्या पुण्याहून येतंय, मोटार परवा संध्याकाळी मिळेल.” गिऱ्हाईक दुकानात आल्यावर अडचण सांगितली तर ते निमित्त वाटतं. घरी असताना सांगितली तर ती माहिती ठरते. पेट्रोल वाचतं, दिवस वाचतो, आणि त्याला दुसरी सोय करायला वेळ मिळतो.

तिसरं, मोटारीवर चिठ्ठी. डबेवाल्यांच्या खुणेसारखी. नाव, फोन, आल्याची तारीख, कबूल केलेली तारीख, काय काम करायचं. तारेने बांधून टाका. मालक लग्नाला गेला तरी पोराला कळलं पाहिजे की आज कोणती मोटार जायची आहे. आज आपल्या बहुतेक दुकानांत सगळं मालकाच्या डोक्यात असतं. मालक नसला की दुकान उघडं असूनही बंद असतं.

चौथं, जादा माणूस परवडत नसेल तर जादा वस्तू ठेवा. एखादी जुनी, चालू मोटार दुकानात ठेवायची. ज्याचं पीक अडलंय त्याला दोन दिवस भाड्याने द्यायची. नेहमी लागणारी चार मापांची बेअरिंग हाताशी ठेवायची. गेल्या वर्षी काम कशाने अडलं, ते वहीत दिसेल. ज्याने तीन-चार वेळा अडलं, ती वस्तू आणून ठेवा.

पाचवं, गिऱ्हाइकाच्या वाट्याचं काम. “मोटार आणताना स्टार्टरही आणा, नाहीतर पुन्हा जळाली तर कारण कळणार नाही” असं आधीच सांगा. दुकानात पाटी लावा. किती एचपीच्या मोटारीला किती मजुरी, गॅरंटी किती दिवसांची, कशावर नाही. पाटीवर लिहिलेल्या भावावर घासाघीस कमी होते, आणि एकाला एक भाव, दुसऱ्याला दुसरा, असा संशय राहत नाही.

शिलाईकाम करणाऱ्या ताईंनी मोटारीच्या जागी ब्लाउज ठेवावा, गॅरेजवाल्याने गाडी ठेवावी. हिशोब बदलत नाही.

तक्रार येते तेव्हा

कितीही व्यवस्था केली तरी चूक होणारच. चूक झाल्यावर दुकानाची खरी ओळख पटते.

तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक आपल्याला नकोसं वाटतं. पण ते आपल्याला सुधारायची एक संधी देतंय. नाराज माणसं पुष्कळदा तक्रार करतच नाहीत. ती गप्प निघून जातात आणि चार जणांना सांगतात. जो आला, तो अजून नातं टिकवायला आलाय.

त्याच्याशी कसं वागायचं? आधी पूर्ण ऐकून घ्या. मधे “पण तुम्हीच तर...” म्हणू नका. मग जे चुकलं ते कबूल करा. “आमच्याकडून उशीर झाला” एवढं पुरतं, लांबलचक कारणं सांगू नका. मग आज काय करणार ते सांगा, तारखेसकट. आणि शेवटी, हे का घडलं ते वहीत लिहा. तीच तक्रार तिसऱ्यांदा आली तर दोष गिऱ्हाइकात किंवा पोरात नाही, आपल्या पद्धतीत आहे असं समजा.

इथे कायद्याचं थोडं सांगायला हवं. ग्राहक चळवळीचं आणि पुण्याचं जुनं नातं आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. देशात ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ साली. आताचा कायदा २०१९चा, तो २०२० च्या जुलैपासून लागू आहे. त्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत न घेणं, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं, हेही त्यातच येतं. म्हणजे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत उपयोगाची नाही.

कृषी सेवा केंद्रवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केलं. त्यामुळे बिलावर वाण, लॉट नंबर, तारीख लिहून देणं हे शेतकऱ्याच्या हिताचं आहे, तसंच दुकानदाराच्याही. उगवण झाली नाही तर दोष कोणत्या लॉटचा, हे त्या कागदावरून कळतं आणि कंपनीला विचारता येतं. पण कायद्याच्या भीतीने दिलेली सेवा जेवढ्यास तेवढीच असते. गिऱ्हाईक टिकतं ते त्याच्या पुढचं केल्याने.

आपला माणूस थांबेल

आता एक अवघड गोष्ट. गावातला धंदा आणि शहरातला धंदा यात एक फरक आहे. गावात गिऱ्हाईक हे पाहुणाही असतं, भावकीतलंही असतं. आपल्याला वाटतं, हे आपलं बळ आहे. आहेच. पण त्याचा उलटा परिणामही होतो.

दुकानात दोघं उभे आहेत. एक अनोळखी, एक चुलतभाऊ. आपण कुणाचं काम आधी करतो? अनोळखी माणसाचं. का? “आपला माणूस आहे, थांबेल.” म्हणजे जो वर्षानुवर्षं आपल्याकडेच येतो, त्याला सगळ्यात वाईट सेवा, आणि जो पुन्हा येईल की नाही माहीत नाही, त्याला सगळ्यात चांगली! त्यात तो भाऊ संकोचापोटी बोलतही नाही. एक दिवस त्याचं सामान बाहेरून आलेलं दिसतं आणि आपण म्हणतो, “घरचीच माणसं साथ देत नाहीत.”

आम्ही एवढंच म्हणू, की नंबराने काम करा. आपुलकी दाखवायची तर बोलण्यात दाखवा, विचारपूस करा. वेळ मात्र सगळ्यांना सारखी द्या.

प्रश्नोत्तरं

एका तरुण दुकानदाराने विचारलं, “सर, आम्ही कितीही चांगलं केलं तरी ऑनलाइनपुढे कसं टिकणार?”

उत्तर असं आहे, दादा. काही गिऱ्हाईक जाणार, ते धरून चाला. पण ऑनलाइन का आवडतं ते बघा. भाव दिसतो, वस्तू कुठवर आली ते दिसतं, कधी येणार ते दिसतं. म्हणजे तेही शब्दच विकतात. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याचं त्यांना ४८ तासांत कळवावं लागतं आणि महिन्याच्या आत निवारण करावं लागतं. आपण तर तक्रार ऐकल्या मिनिटाला निवारण करू शकतो. त्यांना शेतात येऊन मोटार बघता येत नाही, आपल्याला येते. जे फक्त आपल्यालाच जमतं, त्यात तरी शब्द मोडू नका.

एका ताईंनी विचारलं, “उधारीवाल्या बायका असतात. त्यांनाही सगळ्यांसारखीच सेवा द्यायची का?”

ताई, उधारी द्यायची की नाही हा तुमचा निर्णय. पण एकदा दिली की ती बाई तुमची पूर्ण ग्राहक आहे. उधारीवालं गिऱ्हाईक तक्रार करत नाही, कारण तोंड उघडायची त्याला चोरी असते. म्हणून त्याच्या गप्प बसण्याला समाधान समजू नका. आणि उधारीचाही शब्द घ्या. किती, कधीपर्यंत, दोघींच्या समोर वहीत लिहा. शब्द दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो.

शेवटी एका काकांनी मोलाचा प्रश्न विचारला. “डबेवाल्यांची एवढी चांगली सेवा, मग करोनात त्यांच्यावर वेळ का आली?”

काका, हे आम्ही सांगायला हवंच होतं. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या, ऑफिसं बंद झाली आणि डबे थांबले. अनेक जण गावी परत आले, शेतात, मजुरीत लागले. नंतरही घरून काम सुरू राहिलं आणि धंदा पूर्वीइतका उरला नाही. त्यांच्या सेवेत खोट नव्हती. गिऱ्हाइकाची गरजच बदलली. म्हणजे चांगली सेवा तुम्हाला दुसऱ्या दुकानापासून वाचवते, काळापासून वाचवेलच असं नाही. त्यासाठी वर्षातून एकदा तरी गिऱ्हाइकाला विचारावं लागतं, “अजून काय लागतं तुम्हाला? काय लागेनासं झालंय?” पण त्याची दुसरी बाजूही बघा. सव्वाशे वर्षांवर टिकलेलं नाव पाठीशी असलं, की नवं काही सुरू करताना लोक दार तरी उघडतात. ती कमाई सेवेचीच आहे.

एका आठवड्याचा अभ्यास

जाताना एकच काम देतो. उद्यापासून सात दिवस, दुकानात एक वही ठेवा. तुम्ही किंवा तुमच्या माणसाने गिऱ्हाइकाला जो जो वेळेचा शब्द दिला, “उद्या”, “संध्याकाळी”, “दहा मिनिटांत”, तो लिहा. समोर, तो पाळला की नाही, हो किंवा नाही. कुणाला दाखवायची गरज नाही. आठव्या दिवशी ‘नाही’ मोजा.

तो आकडा बघून वाईट वाटेल, पण खचू नका. पुढच्या आठवड्यात काम वाढवू नका, माणसं वाढवू नका, फक्त शब्द बदला. जिथे ‘उद्या’ म्हणत होता तिथे ‘परवा’ म्हणा आणि उद्याच फोन करा.

पुढच्या वैशाखात कुणाची तरी मोटार जळेलच. तेव्हा तो आळेफाट्याकडे गाडी वळवतो की तुमच्या दुकानाकडे, ते या वहीवर ठरणार आहे.